चोक धरायला माणूस

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत कुणाचं काहीही बिघडलं, की दामूकाकांचं निदान ठरलेलं: "कार्बोरेटरमदी कचरा हाय." लिफ्ट अडकली, कचरा. आमचा मिक्सर जळला, कचरा. माझ्या नव्या गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी बराच वेळ कार्बोरेटर शोधला. हिच्यात तो नसतोच, असं मी सांगितल्यावर माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं, की मलाच गाडी घेतल्याचा पस्तावा झाला.

काका मूळचे इथलेच. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचं भातशेत होतं. शेत गेलं आणि त्याच्या पैशातून हँडगिअरची पांढरी गाडी आली, तीच आजही पार्किंगमध्ये उभी आहे. शनिवारी काका तिचा कार्बोरेटर सोडवतात, पार्ट ताटात मांडतात, पेट्रोलनं धुतात आणि जेटचं बारीक भोक तोंडानं फुंकतात. काकी होत्या तेव्हा वरून ओरडायच्या, "माझा मावऱ्याचा ताट हाय तो!" त्या घरी मासळीला पेट्रोलचा वास का येतो, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा ते मला कळंबोलीला भंगारवाल्याकडे घेऊन गेले. तो एक कार्बोरेटर पुढे करत म्हणाला, "ओरिजिनल पीस है, अंकल." काकांनी तो उलटा केला, आत बोट घातलं आणि हसले. "टेम्पोचा हाय. घसा बग केवरा मोठा! माझे गारीला लावला तं टाकी पिऊन टाकंल."

एवढ्या जाणकाराच्या गाडीला एक खोड मात्र कायम. चोकची मूठ ओढली की आपोआप आत जाते आणि थंड इंजिन बंद पडतं. म्हणून इंजिन तापेपर्यंत कुणीतरी शेजारी बसून मूठ धरायची. हे काम काकींचं होतं. त्या माहेरी, जासईला जाताना पार दारापर्यंत चोक ओढून बसायच्या. गाडी काळा धूर सोडायची, पण काकांनी कधी 'सोड' म्हटलं नाही. "तिला वाटं, गारी तीच चालवते," ते मला सांगत.

काकी गेल्यापासून रविवारी सकाळी मला फोन येतो, "ये रं, चोक धराला." इंजिन पाच मिनिटांत तापतं, गप्पा तासभर चालतात. खाडी, मिठागरं, काकींचं वऱ्हाड. मला ते आवडायचं, पण आपण काका-शिष्य, दोष शोधायलाच हवा! शोधला. कार्बोरेटर चकाचक होता, फक्त चोकच्या वायरची पकड झिजली होती. मी नवी वायर आणली आणि रविवारी मोठ्या ऐटीत काकांच्या हातात ठेवली.

काकांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"मना ठाव नाय का, वायर कुठं मिलते?" मग हळूच म्हणाले, "ही बसवली तं गारी एकट्यानं चालू व्हईल रं."

एवढी हुशारी मला कुणी सांगितली होती?

मी वायर काढून घेतली. "काका, साइज चुकलाय बहुतेक."

"चुकनारच!" काकांचा चेहरा एकदम उजळला. "तुला यातला काय कललाय? बस आत."

मी आत बसलो आणि मूठ घट्ट धरली.