टेकलं!

घड्याळजींनी त्या दुपारी ठरवलं, की आजचा व्यायाम दारामागच्या कोपऱ्यात न करता समोरच्या खोलीत, चांगल्या उजेडात करायचा. एवढंच ठरवलं. (मोठा घोटाळा कोणी ठरवून करत नाही.)

जन्मभर भिंगाला डोळा लावून घड्याळं दुरुस्त केल्यानं त्यांची मान कासवासारखी पुढे आली होती आणि खांदेही तिच्यामागोमाग निघाले होते. दुखणं बोटांपर्यंत उतरलं, चिमट्यातले स्क्रू निसटायला लागले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना भिंतीशी उभं केलं.

“छातीचे स्नायू आखडलेत, पाठीचे झोपलेत. पाठ भिंतीला, खांदे भिंतीला. आता हनुवटी आत घ्या, डोकं मागे टेकवा.”

डोकं आणि भिंत यांच्यामध्ये एक उशी आरामात बसली असती.

“टेकेल त्या दिवशी दुकान उघडा,” बाई म्हणाल्या. “तोवर कुलूप.”

तेव्हापासून घड्याळजींना करमत नव्हतं. दुकानातली टिकटिक त्यांच्या स्वप्नात येई. जागेपणी ते रोज भिंतीशी झुंजत आणि रोज हरत.

इकडे बायकोनं समोरच्या खोलीची भिंत स्वतःच्या हातानं आभाळी रंगवली होती. तिची थोरली बहीण संध्याकाळी राहायला येणार होती, आणि ताईंना कोऱ्या कपातही तडा दिसायचा. “अहो, भिंत ओली आहे बरं का,” असं बायकोनं सकाळीच बजावलं होतं. घड्याळजींनी “हं” म्हटलं होतं. (हा तोच “हं”, जो भिंग डोळ्याला असताना ते गिऱ्हाइकांना देत.)

सामान मधोमध ओढलेलं. समोर अख्खी मोकळी भिंत, निळी, शांत. घड्याळजी तिला जाऊन टेकले. पाठीला गारवा जाणवला. झोपलेले स्नायू जागे होतायत, त्यांना वाटलं.

मग त्यांनी हनुवटी आत घेतली, आणि हळूहळू खिडकीचा वरचा भाग दिसू लागला. किती वर्षांत तो त्यांनी पाहिला नव्हता! समोरच्या गच्चीवर एक पांढरी चादर श्वास घेतल्यासारखी फुगत होती, खाली बसत होती. तिच्या वर झाडाचा शेंडा. त्याच्याही वर एक ढग, कुठलीच घाई नसलेला. कुठूनशी टिकटिक ऐकू यायला लागली. सगळी बंद पडलेली घड्याळं त्या ढगावर एका तालात चालत होती. भिंत कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळेना. आणि टकलाला मागून काहीतरी हलकं, गार लागलं.

“टेकलं!” घड्याळजी ओरडले. “अगं, टेकलं! उद्या दुकान!”

बायको धावत आली. नवऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

“काय टेकलं?”

“डोकं!”

“वळा.”

ते वळले. भिंतीवर दोन खांदे उमटले होते, पाठ उमटली होती, बसायची जागा तर फारच ठसठशीत उमटली होती. वरती डोक्याच्या जागी रंग तसाच, गुळगुळीत. बायकोनं पदरानं त्यांचं टक्कल पुसून पाहिलं. पदर कोरा.

“पण गार लागलं गं!”

“पंखा चालू आहे,” बायको म्हणाली.

तिनं फोटो काढून बाईंना पाठवला. उत्तर लगेच आलं: ‘उत्तम नोंद. भिंत पुसू नका, दर आठवड्याला ताडून बघू. दुकान बंदच.’

रंगाचा डबा शोधेपर्यंत ताई दारात हजर. ताई त्या आकृतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, चष्मा वर-खाली केला. मग घड्याळजींना म्हणाल्या, “भावोजी, जरा बाजूला व्हा.” पुन्हा पाहिलं.

“रंग छान लावलायस हो,” त्या धाकटीला म्हणाल्या. (आयुष्यात पहिल्यांदाच!) “हात अगदी सरळ चाललाय तुझा. माणूस तेवढा वाकडा छापलायस.”