आईचं पातळ आणि माझी सहाशे धाग्यांची चादर

कापडातलं मला कोणी शिकवू नये! बावीस वर्षं कापड तपासायच्या प्रयोगशाळेत घालवलीत मी. कापड भिंगाखाली धरलं की त्याची सगळी कुंडली सांगतो!

तर, बाबांच्या पंचाहत्तरीला मी चौरस इंचाला सहाशे धाग्यांची चादर आणली. घट्ट विणीची, गुळगुळीत, लोण्यासारखी! आई गेल्यापासून बाबा दुपारी तिचं जुनं सुती पातळ पांघरून झोपायचे. धुऊन धुऊन पार विरलेलं. दारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवाली आली, तसं मी ते तिला देऊन टाकलं आणि पिठाची चाळणी घेतली. बाबा नवी चादर पांघरू लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीवर हे एवढं घामोळं! मे महिना, बडोद्याचं ऊन. दुपारची झोपही गेली.

"अहो, शुद्ध कॉटन ना ही?" श्रद्धानं, माझ्या बायकोनं विचारलं.

"कॉटनच! पण वीण घट्ट. धाग्यांत फटच नाही, मग वारा जाणार कुठून, घाम सुकणार कसा? पातळाची वीण सैल, त्यातून हवा खेळायची..."

"हे चादर घेताना नाही आठवलं?"

कप्पाळ! स्कूटर काढली आणि रावपुऱ्यापासून गल्ल्या पालथ्या घातल्या. भांडीवाली सापडली थेट फतेगंजात.

"ए तो गयुं, भाई! गॅरेजवाळो लई गयो."

गॅरेजात चिंध्यांचा हा ढीग! मिस्त्री त्यातल्याच एकीनं इंजिन पुसत होता.

"शोधी लो, साहेब," तो म्हणाला. "कलर कयो हतो?"

मी तोंड उघडलं. वीण साधी, धागा बारीक, सगळं सांगता येत होतं. पण रंग? निळा? का विटकरी? काठ तरी होता का? तीन वर्षं रोज घरात दिसायचं, आणि त्याआधी आईच्या अंगावर! मला आठवेचना. लाजेनं मेल्यासारखं झालं.

शेवटी घरी फोन लावला.

"बाबा, आईच्या पातळाचा रंग कोणता होता हो?"

पलीकडून पंखा ऐकू येत होता.

"असू दे रे," बाबा म्हणाले. "तू घरी ये. ऊन लागेल तुला."