टॉकीजचं प्रगतीपुस्तक

उरकुडे सर सिनेमा बघून आले, की त्यांना "कसा होता?" असं विचारण्यात काही अर्थ नसे. मी एकदा विचारून बसलो. म्हणाले, "उजेड कमी, फोकस ठीक. तिसरं रीळ जोडताना ऑपरेटर डुलक्या घेऊन राह्यला होता." मी म्हटलं, "सर, ष्टोरी काय होती?" तर बिचारे विचारात पडले. "एक बाई लय रडत होती," म्हणाले, "पन काऊन रडत होती, ते नाई पाह्यलं बा."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर आमच्या वर्ध्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. सडपातळ अंग, पांढरा बुशशर्ट, खिशात लाल पेन. माझं स्टेशनरीचं दुकान आणि त्यांचं घर एकाच गल्लीत. एकदा ऐन नोव्हेंबरात त्यांनी माझ्याकडून दोन डझन प्रगतीपुस्तकं नेली. आता प्रगतीपुस्तकं शाळा एकगठ्ठा नेते, तीही परीक्षा झाल्यावर. चित्रकलेच्या मास्तरला ती नोव्हेंबरात कशाला लागली? मी विचारलंच. सर म्हणाले, "टॉकीजसाठी. पोट्टे नापास होते, मंग टॉकीज काऊन नाई?"

आणि खोटं वाटेल, पण हा माणूस खरंच टॉकीजला गुण द्यायचा. पुस्तकातलं मराठी, गणित, इतिहास सगळं खोडून लाल शाईनं विषय लिहिलेले: उजेड, फोकस, आवाज, रीळ बदलणे, पडद्याची स्वच्छता. पास व्हायला पस्तीस. वर्तणुकीच्या रकान्यात ऑपरेटरबद्दल शेरा. रीळ संपत आलं, की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तो दिसताच ऑपरेटरनं दुसरं मशीन सुरू करायचं असतं, हे मला सरांनीच शिकवलं. लोक नायिकेकडे बघत आणि सर त्या कोपऱ्याकडे. शेवटी 'पालकाची सही' असा रकाना होताच. टॉकीजचा पालक कोण, तर मालक. पुस्तक पोस्टानं शेठजींकडे जायचं, सही करून परत पाठवा अशी तळटीप लिहून!

गावात लोक हसायचे. मीही हसलो, नाही कशाला म्हणू? पण नागपूरचा माझा साडू एकदा दुकानात बसून फुशारक्या मारायला लागला, की तुमच्या वर्ध्यात काय आहे, टॉकीज पाहाव्या तर आमच्या नागपूरच्या. सर तिथंच खडू निवडत होते. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला गेले, तिथल्या एका नावाजलेल्या टॉकीजमध्ये बसले आणि संध्याकाळी प्रगतीपुस्तक माझ्या काउंटरवर ठेवलं. फोकस, सव्वीस. शेरा, 'नायकाचे डोके छतावर गेले आहे. लक्ष द्यावे.' बाप्पा! ते पुस्तक मी साडूला नेऊन दाखवलं. त्यानंतर तो पठ्ठ्या माझ्या दुकानात नागपूर हा शब्द काढत नाही.

बरं, सर निर्दय नव्हते. जवळच्या रोहणा गावी जत्रेत तंबूतली टॉकीज आली होती, तिथंही जाऊन आले. वाऱ्यानं पडदा हालायचा आणि घोडागाडी लाटेवर चालल्यागत दिसायची. पण ऑपरेटर बिचारा दोन्ही हातांनी मशीन धरून उभा होता म्हणे. त्याला वर्तणुकीत त्र्याण्णव दिले. शेरा, 'गरिबीतून शिकत आहे.'

आमच्या वर्ध्याच्या टॉकीजचं मात्र एका विषयात घोडं अडलं होतं. उजेड. आवाजाला बासष्ट, रिळाला एकाहत्तर, आणि उजेडाला बावीस. पुढच्या महिन्यात एकवीस. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि त्यांचाच प्रकाश पडद्यावर पडायचा. शेठजी त्या कांड्या पुरवून पुरवून वापरायला लावायचे, म्हणून पडद्यावर भरदुपारीसुद्धा दिवेलागण झालेली असे. आम्हाला चालायचं. पण सरांनी हट्टच धरला होता. "बाकी सब्बन राहू द्या, गजूभाऊ," म्हणायचे, "पन उजेडात पास झालीच पाह्यजे." मी थट्टेनं म्हणायचो, "सर, पंधरा ग्रेस मार्क द्या ना!" तर ते माझ्यावर खरोखर रागवायचे. बाकी विषयांत असं तोंड लाल होताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात उजेडाला एकोणीसच गुण मिळाले आणि शेठजींचं डोकं फिरलं. पुस्तकाच्या मागे माझ्या दुकानाचा शिक्का होता, म्हणून रविवारी सकाळी ते प्रगतीपुस्तक फडकवत माझ्याच दुकानात आले.

"गजूभाऊ, ये मास्तर कौन है? मेरी टॉकीज क्या तिसरी में पढनेवाली पोरगी है? वर लिहिते काय, 'पालकांनी समक्ष भेटावे'!"

मी म्हटलं, चला, समक्षच भेटा. मला भांडण बघायचं होतं, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? दुकान बायकोवर सोपवून मी त्यांना सरांच्या घरी घेऊन गेलो.

सरांनी शेठजींना खुर्ची दिली आणि खरोखरच पालकांशी बोलावं तसं सुरू केलं. "पाहा शेठजी, तुमची टॉकीज हुशार हाय. मेहनती हाय. पन एकाच विषयात..."

"मास्तरजी, लोकाइले दिसते ना? मंग तुमालेच काऊन नाई दिसत?"

"मले दिसते."

"तो फिर?"

सरांनी आतल्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात सरांच्या बायको, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या. ट्रे टेबलावर ठेवला आणि किटलीतून कपात चहा ओतताना त्यांनी एक बोट कपाच्या काठावरून आत सोडलं. चहा बोटाला लागला तशा थांबल्या. मग दुसरा कप, तसंच बोट. मी इतक्या वर्षांचा शेजारी. काकूंना जाड भिंगाचा चष्मा आहे एवढंच मला माहीत होतं. मला इतकी लाज वाटली, की वर बघवेना.

"कोन आलं जी?" काकूंनी विचारलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

"गजूभाऊ हायेत. अन् टॉकीजवाले शेठजी."

"अगं माय! शेठजी, तुमच्या टॉकीजमंधी लय येतो आमी. पन आता बायाइचे तोंडं वळखू येत नाई बापा. अंधार करता का तुमी?"

"तू जा ना आत," सर म्हणाले. काकू हसत आत गेल्या. मग सर खालच्या आवाजात बोलू लागले. इतकी वर्षं गुण देणारा माणूस, पण आता त्यांची मान खाली होती. "डॉक्टरनं हात टेकले, शेठजी. हळूहळू सब्बन जाईल म्हन्ते. घरात तिले कोनाचंच तोंड दिसत नाई. तुमच्या पडद्यावर मानसाचं तोंड बारा हात राह्यते. उजेड बरोबर असला, की थे तिले दिसते. हासलं तर हासलेलं दिसते. म्हनून मी आधी पाहून येतो, कुठं न्यावं तिले."

शेठजींनी चहा संपवला. खिशातून पेन काढलं, प्रगतीपुस्तकात पालकाच्या जागी झोकदार सही केली आणि म्हणाले, "मास्तरजी, पुढच्या रविवारी तीनच्या खेळाले या. घरच्याइले घेऊन."

निघताना आतून काकूंचा आवाज आला. "गजूभाऊ, याइले सांगा जरा. टॉकीजमंधी सगळ्याइचे तोंडं दाखवते मले, सोताचंच दाखवत नाई!" आणि स्वतःच खळखळून हसल्या. सरही हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. माझ्या दुकानाची जाहिरात त्या टॉकीजमध्ये मध्यंतरात लागायची. काचेची चौकोनी पाटी असते, तिच्यावर फोटो आणि मजकूर, ती मशीनपुढे धरली की पडदाभर दिसते. मंगळवारी मी सरांच्या शाळेत जाऊन त्या वर्षीचा शिक्षकांचा गट-फोटो मागून आणला आणि स्टुडिओवाल्याला म्हटलं, यातलं हे एकच तोंड काचेवर काढून दे. शेठजींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "गजूभाऊ, ये तो मेरे कू सुचना चाहिये था!"

रविवारी मी सहकुटुंब सरांच्या मागच्या रांगेत. दिवे गेले आणि पडदा असा उजळला, की पुढचे पोट्टे ओरडले, "आबे, आज काय दिवाळी हाय का?" काकू सारख्या विचारत होत्या, "हासली ना थे? अन् हा मिशीवाला, रागात हाय ना?" आणि सर दर वेळी "हाव, हाव" म्हणत होते. लाल पेन खिशातच होतं.

मध्यंतर झालं. माझ्या दुकानाची जाहिरात लागली. मग साबणाची लागली. आणि मग अख्ख्या पडद्यावर उरकुडे सर.

अर्धं वर्धा त्यांच्या हाताखाली चित्रकला शिकलेलं! एकच कल्ला झाला. "उरकुडे सर! उरकुडे सर!" शिट्ट्या काय, टाळ्या काय, बाल्कनीतले लोक उभे राहिले. माझा ऊर असा भरून आला, की मी बायकोचाच हात धरून टाळ्या वाजवायला लागलो. सर मात्र गडबडून उठले. "अरे, हे काय करून राह्यले? उतरवा थे! गजूभाऊ, तुमचं काम दिसते हे!"

काकूंनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि मान वर करून बघत राहिल्या.

"केस कवा पिकले जी तुमचे?"

"झाले... पाच-सात वर्स झाले."

"सांगतलं नाई मले."

सरांनी केसांवरून हात फिरवला. टाळ्या हळूहळू थांबल्या. जाहिरातीची पाटी दहा आकडे मोजेपर्यंत ठेवतात, ती वेळ कधीच उलटून गेली होती. दाराशी उभ्या शेठजींनी वर ऑपरेटरला हातानंच खूण केली, राहू दे. सर पुन्हा पुटपुटले, "चाल ना, चहा घेऊन येऊ."

"थांबा हो जरा," काकू म्हणाल्या, "मले पाहू द्या."