मानाजी सार आणि कागदाची पाठ

मानाजी सारांच्या हातात कुणी चित्र दिलं, की ते आधी उलटं करायचे. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, मान जराशी तिरपी व्हायची आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे, "हां, पाठ बघू!"

मागची बाजू कोरी असेल तर चित्र परत. पुढच्या बाजूला साक्षात मोर नाचत असला तरी परत.

मानाजी सार तंजावरच्या आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. सार म्हणजे सर. आमच्या तमिळमुलखात तसंच म्हणतात. शाळा तमिळ, मुलं बहुतेक तमिळ. सार मात्र आमच्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मराठी. वर्गात ते तमिळच बोलत, फक्त "पाठ बघू" तेवढं मराठीत. त्यामुळे ज्यांना मराठीचा गंध नव्हता त्यांनाही हे दोन शब्द येत. कुणाचा शर्ट मागून उसवला की मैदानभर "पाठ बघू"चा गजर व्हायचा.

मी घरी मराठी बोलते, पण देवनागरी शिकले ती हिंदीच्या परीक्षेसाठी, अगदी अलीकडे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अप्पा भाताच्या गिरणीत काम करतात. मला हे नीट सांगता येईल की नाही, कळत नाही. चुकलं तर चूक माझी, सारांची नाही.

तर, कागदाच्या पाठीवर लिहायच्या मजकुराला सार 'जबानी' म्हणत. तिच्यात तीन गोष्टी हव्यात. काय काढलं, कुठे कुठला रंग लावला आणि जे काढायचं होतं त्यातलं काय जमलं नाही. दहापैकी चार मार्क चित्राला, सहा जबानीला. गणिताचे सार एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "मानाजी, तुमचा ड्रॉइंगचा तास आहे की पोलीस स्टेशन?" मानाजी सार शांतपणे म्हणाले, "चित्र स्वतःहून काही कबूल करत नाही, सार. करणाऱ्याला विचारावं लागतं."

आणि मुलं कबूल करत. एकाने लिहिलं होतं, "मी मोठं देऊळ काढलं. कागद संपला म्हणून शिखर काढलं नाही. ते दुसऱ्या कागदावर आहे. तो कागद बहिणीने घेतला." दुसऱ्याने लिहिलं, "हा मामाचा बैल आहे. तपकिरी रंग लावला. मामा म्हणतो हा कुत्रा आहे. मामाला बैलांतलं काही कळत नाही." या बैलाला दहापैकी आठ मार्क मिळाले होते. सार म्हणाले, "दोन मामाचे कापले."

सारांच्या बाकीच्या तऱ्हा अशा. कपडे कायम पांढरे. पांढरी वेष्टी म्हणजे धोतर, पांढरा शर्ट, रुमालसुद्धा पांढरा. रंगांशी काम करणाऱ्या माणसाने पांढरं का घालावं, असं कुणी विचारलं की म्हणत, "डाग पडला तर कळतो." बाजारात टोमॅटो घेताना एकेक दाबून बघत. भाजीवाली ओरडायची, "दाबू नका सार, दिसतंय ना लाल आहे ते!" "लाल असेल. पिकलाय का ते सांग!" आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा वीस माणसं त्या घरात घुसली होती. सारांनाही खुर्ची दिली. पाच मिनिटं बघून ते म्हणाले, "बरा आहे. जुना काय वाईट होता?" त्या घरातली मंडळी त्यांच्याशी महिनाभर बोलली नाहीत.

शिकवताना मात्र जादू. पांढरा खडू फळ्याला टेकवला की उचलल्याशिवाय अख्खा हत्ती काढत, शेपटीच्या केसांसकट. ड्रॉइंगच्या खोलीत रंगाच्या बाटल्यांवर प्रत्येक रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असे. मी त्यांना रागावलेलं एकदाच पाहिलं. एका मुलाच्या ओल्या हाताने दोन चिठ्ठ्या सुटून पडल्या होत्या, आणि सारांनी त्याला तासभर बाहेर उभं केलं. एवढ्याशा चिठ्ठ्यांसाठी!

आता माझ्या चित्राबद्दल. हे सांगायला मला अजून अवघड वाटतं.

मी सहावीत होते. माझी मेणखडूंची पेटी पापनाशमच्या आत्तेबहिणीची जुनी होती. आमच्या भागात कुणाच्याही पेटीतला हिरवा खडू आधी संपतो. भात हिरवं, केळी हिरव्या, नारळ हिरवे, कालव्याचं पाणीसुद्धा निम्मं हिरवं. आत्तेबहिणीने हिरव्याचा कणही ठेवला नव्हता. आणि सारांनी विषय दिला, 'आपलं शेत'.

बाकावरच्या शेजारणीकडे मागायची लाज वाटली. माझ्याकडे लाल खडू होता, जवळजवळ नवा. मी सगळं शेत लाल केलं. मग पाठीवर जबानी लिहायची वेळ आली. खरं लिहावं तर खडू नाही हे सगळ्यांना कळणार. मी लिहिलं, "हे हिरवंगार भात आहे. हिरवा रंग लावला. जमलं नाही असं काही नाही."

सारांनी पाठ वाचली. मग कागद वर्गाला दाखवला आणि मोठ्याने म्हणाले, "बघा, किती हिरवंगार भात!"

वर्गात हशा पिकला. बाकं वाजली. सारांनी कागद उलटून पाठ पुन्हा वाचली, मग तेही थोडे हसले आणि म्हणाले, "हसताय काय? भात असंच असतं." आणि त्यांनी माझ्या कागदावर दहापैकी दहा लिहिले. त्या वर्षी दहा कुणालाच मिळाले नव्हते.

मला वाटलं, सारांनी माझी लबाडी झाकली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं आणि नवाकोरा हिरवा खडू हातात ठेवला. त्याच्याभोवती चिठ्ठी गुंडाळली होती. तिच्यावर तमिळमध्ये लिहिलं होतं, 'हिरवा'. "ही चिठ्ठी काढू नकोस हां, अंबू," ते अगदी हळू, मराठीत म्हणाले. एवढे खूश होते की मला नवल वाटलं. पुढच्या तासाला मी जाऊन त्यांना सांगितलं, "सार, मला हिरवा ओळखता येतो. माझ्याकडचा संपला होता एवढंच." ते म्हणाले, "हो? बरं, बरं," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, खोटी जबानी पकडली गेली.

पुढे मी झूऑलॉजी घेतलं. एका तासाला मॅडमनी एक पुस्तक फिरवलं. पानभर रंगीत ठिपके, लाल ठिपक्यांत हिरव्या ठिपक्यांचा आकडा. "काही जणांना हा आकडा दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "लाल आणि हिरवा त्यांना सारखाच. बरेच जण आयुष्यभर कुणाला कळू देत नाहीत." सगळ्या मुली आकडा वाचून हसत होत्या. माझ्यासमोर मात्र बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आल्या, दाबलेले टोमॅटो आले, पांढरे शर्ट आले. त्या तासाचं माझ्या वहीत एक अक्षर नाही.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? ड्रॉइंगच्या मास्तराला रंग दिसत नाहीत हे ऐकून गाव काय करेल, ते मी सहावीच्या वर्गात ऐकलं होतं.

त्याच वर्षी शाळेत कॉम्प्युटर यायचे ठरले. खोली हवी म्हणून ड्रॉइंगची खोली घेतली. सार दोन महिन्यांत निवृत्त होणारच होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पण त्या खोलीतल्या तीन कपाटांत सारांनी शिकवलेल्या सगळ्या मुलांची चित्रं होती. हेडमास्टर म्हणाले, "आठवड्याभरात रद्दीत घाला." सार म्हणाले, "लोकांच्या जबान्या आहेत. ज्याच्या त्याला दिल्याशिवाय जाणार नाहीत."

मग रविवारी प्रदर्शन ठरलं. निरोप गेले, तिरुवैयारूच्या बसच्या पाठीवरसुद्धा कागद चिकटवला. मी मदतीला गेले. खरं सांगते, मी मदतीला गेले नव्हते. मी माझा कागद चोरायला गेले होते. पाठीवर हिरवंगार, पुढे लालभडक, वर सारांच्या अक्षरात दहापैकी दहा. कुणीही डोकं असलेला माणूस तो कागद दोन्हीकडून बघता तर सगळं समजला असता.

तीन दिवस मी कपाटं उपसली. झुरळं सापडली, शिखराशिवायचं मोठं देऊळ सापडलं, बैल सापडला. माझं शेत नाही.

"काय शोधतेस अगे?" सारांनी विचारलं.

"काही नाही सार. धूळ झटकते."

रविवारी सारांनी सगळी चित्रं दोऱ्यांवर लावली, आणि अर्थातच उलटी. पाठ बाहेर, चित्र भिंतीकडे. हेडमास्टर आले, चार भिंतींवर पेन्सिलीचा मजकूर बघितला आणि म्हणाले, "मानाजी, प्रदर्शन चित्रांचं होतं ना?" तोवर माणसं यायला लागली होती आणि ती वाचत होती.

तो दिवस मी विसरणार नाही. दवाखान्यातली नर्स आली, साडीच्या दुकानातले दोघं आले, मोपेडवर बायकामुलांना घेऊन शेतकरी आले. आपापल्या अक्षरासमोर उभे राहून लोक पोट धरून हसत होते. तिरुवैयारूच्या बसचा ड्रायव्हर आपली जबानी मोठ्याने वाचू लागला, "मला विमान काढायचं होतं. विमान जवळून पाहिलेलं नाही म्हणून बस काढली. पण तिला पंख आहेत असं समजावं." मग तो बायकोला म्हणाला, "अय्यो, बघ! मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं!" ती म्हणाली, "म्हणून वळणावर अशी उडवता होय?" सार मध्ये खुर्चीवर बसून प्रत्येकाला म्हणत होते, "घेऊन जा, घेऊन जा. आता तरी घरच्यांना दाखव." ज्याचं त्याचं चित्र घरी जात होतं. प्रत्येक कागद उलटला की मी मान उंचावून बघायचे. माझा नव्हता.

चारच्या सुमाराला खोली रिकामी झाली. दोऱ्यांवर तीसेक कागद उरले. सारांनी आपल्या कापडी पिशवीतून एक घडी न पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा शोधत होतीस."

मी तो हातात घेतला. सहावीतलं माझं अक्षर केवढं मोठं होतं. "सार," मी म्हणाले, "हे शेत लाल आहे."

"मज ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"वर्ग हसला तेव्हापासून. हिरव्या शेताला कोण हसतं?"

"मग दहा का दिलेत?"

ते चष्मा पुसू लागले. त्यांच्या घरी तंजावरी चित्रं करायचा कारखाना होता, ते मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. "बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "माझ्या अप्पांनी देवीच्या हातातला पोपट रंगवायला दिला. मी लाल केला. अप्पांनी ब्रश काढून घेतला तो कायमचा. अवघे हसले. पण कोणी विचारलं नाही, का रे, तुज काय करायचं होतं? मज हिरवाच करायचा होता. आमची मंडळी असेतो कपड्यांचे रंग तरी ती सांगायची. आणखी कोणाला हे माहीत नव्हतं. आणि मग तू लाल शेतामागे हिरवंगार लिहून आणलंस. मज वाटलं, गावात आपल्यासारखं आणखी एक माणूस आहे."

मला चिठ्ठीचा खडू आठवला.

"आठवडाभर फार खुशीत होतो मी," सार म्हणाले. "मग तू येऊन सांगितलंस, खडू संपला होता म्हणून." आणि ते हसले. "थोडं वाईट वाटलं, अगे. तुझे डोळे चांगले निघाले म्हणून वाईट वाटलं. असा मास्तर!"

मी पेन काढून जबानीच्या खाली लिहिलं, "हे शेत लाल आहे. हिरवा खडू नव्हता. हिरवं करायचं होतं, ते जमलं नाही." सारांनी चष्मा नाकावर घेतला, पाठ वाचली, दहा खोडले आणि नऊ केले.

"एक उशिराचा," ते म्हणाले.

मग उरलेले कागद उतरवायला आम्ही उठलो. पहिला बैलाचा होता. सारांनी सवयीने पाठ वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी दोरीवरचा कागद फिरवला. "आता पुढची बाजू बघू, सार. रंग मी सांगते."

"हां. बैल तपकिरी."

"नाही सार. हिरवा आहे."

"काय म्हणतेस? जबानीत तपकिरी लिहिलंय!"

"शिंगांपासून शेपटीपर्यंत हिरवा, सार."

सार त्या बैलाकडे बघत राहिले. "लबाड पोरगा," ते म्हणाले. "आणि मी मामाचे मार्क कापले!" ते इतके हसले की त्यांना दोरी धरावी लागली, आणि दोरीवरची सगळी चित्रं हलू लागली. "थांबू नकोस, अंबू," डोळे पुसत ते म्हणाले. "हं. पुढचं."