पयले पुरी थांबू द्या

आमच्या गल्लीत माझ्या गाडीची माफी मागणारा एक माणूस राहतो. मी गाडी लावून उतरलो, की शेजारचे दगडूमामा ओट्यावरून उठतात, लंगडत येतात आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणतात, "माफ कर गं बाई. गुरुजी शिकलेले हायेत."

मामांनी तीस वर्षं एसटी चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला. कान मात्र शाबूत. माझी गाडी जुनी घेतलेली, पण ऑटोमॅटिक. क्लचच नाही! तीनदा नापास होऊन लायसन मिळवलेल्या माझ्यासारख्या मास्तरासाठीच देवाने घडवलेली.

जुन्या जालन्यातली आमची गल्ली पुढे बंद. मागे-पुढे करूनच गाडी वळते. गाडी मागे सरकत असतानाच मी दांडा पुढच्या गिअरात ओढायचो. आतून 'ठक्' व्हायचं आणि ओट्यावरून पंजा वर जायचा. "पयले पुरी थांबू द्या, मंग पलटवा! पळता बैल शेपटी धरून वळवता का?"

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणं ही माझी दुसरी हुशारी. "तुमच्याच एसटीच्या गोष्टींतून शिकलो," मी म्हणालो.

"ते जुन्या डब्याचं झालं. हिच्या पोटात तेल फिरत राह्यलं पाहिजे, गुरुजी!"

हँडब्रेक न ओढता नुसतं पार्किंगला टाकून मी चढावर गाडी सोडायचो, तेव्हा तर मामा कळवळायचे. "बोटाएवढ्या खिट्टीवर आख्खी गाडी टांगली! हँडब्रेक काय शोभेला हाय?"

एकदा वैतागून मी विचारलं, "मामा, तुम्ही स्वतः कधी ऑटोमॅटिक चालवली तरी आहे का?"

मामा उठून आत गेले. मला वाटलं, जिंकलो.

गेल्या हिवाळ्यात गाडी रुसली. इंजिन ओरडायचं, गाडी जागची लवकर हलायची नाही. "थंडीने होतं," मी निदान केलं. मामांनी खुर्ची आणली आणि गाडीसमोर मांडून बसले. "मिस्त्रीला दाखवल्याबिगर कुठंच न्हाई."

मिस्त्रीने गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घेतला. "बिलकुल जळालंय. अजून पंधरा दिवस चालवली असती, तर गिअरबॉक्स भंगारात."

तेल बदलून गाडी परत आली, तसा मी पेढे घेऊन मामांकडे गेलो. "तुमच्यामुळे वाचली. काय करू तुमच्यासाठी, सांगा."

मामांनी आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "क्लच न्हाई ना हिला... एक डाव चालवू का? मामीला माहेरी न्यायचंय, तीर्थपुरीला. सारा जिल्हा फिरवला मी. ती आपली तिकीट काढून मागं बसायची. शेजारी कधी बसली न्हाई."

वर्षभर हा माणूस माझी गाडी जपत होता आणि एवढं मागणं त्याच्या घशात अडकलं होतं. आणि मी शहाणा विचारत होतो, चालवली तरी आहे का!

रविवारी निघालो. पुढे नवं लुगडं नेसलेल्या मामी, मागच्या सीटवर मी. वाटभर मामांचा डावा पाय नसलेला क्लच दाबत राहिला. 'ठक्' एकदाही झालं नाही.

मामींच्या भावाचं दार चढावर आहे. मामांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, मग पार्किंग. मामींनी दाराला हात घातला, तोच पंजा वर आला.

"पयले पुरी थांबू दे."

गाडी केव्हाच थांबली होती. मामी हात मागे घेऊन तशाच शेजारी बसून राहिल्या. मागे मीही जन्मात पहिल्यांदा घाई केली नाही.