अण्णांनी सोललेल्या बाटल्या

आमच्या शेजारच्या अण्णांना चहाला बोलवायचं, तर आधी घरातल्या बरण्या, डबे आणि बाटल्या लपवाव्या लागत. कशावर लेबल दिसलं, की अण्णांचा चहा गार होई. आधी नुसते बघत राहायचे, मग नखानं कोपरा उचलायचे, आणि मग "जरा कोमट पाणी मिळेल?" म्हणायचे. कागद निघाला तरी सुटका नसे. मागे राहिलेल्या खळीवर बोट फिरवून ते कासावीस होत. "हाताला लागतंय हो अजून!"

मग आधी राख, मग खोबरेल, आणि तरीही चिकटा हटला नाही तर घासलेटाचा बोळा. लोणावळा स्टेशनात पार्सलांना लेबलं चिकटवण्यात या माणसाची सगळी नोकरी गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर बहुधा त्यांनी उलटा व्यवहार सुरू केला असावा. भाजे गावाहून दूध घालायला येणाऱ्या सखूबाईचा डबासुद्धा त्यांनी एकदा लख्ख करून ठेवला. त्या डब्यावर कसल्याशा बिस्किटांचा मोर होता. सखूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवो आण्णा, मोर कुटं गेला? आता समद्या डब्यांत माजा डबा मी वळकू कसा?"

अण्णा ओशाळले. पण जाता जाता डब्यावरून बोट फिरवलंच.

आम्ही हे हसण्यावारी नेत होतो, त्या रविवारपर्यंत. माझ्या आईला, म्हणजे माईला, खोकल्यानं पछाडलं होतं. दवाखान्यातून दोन बाटल्या आणल्या होत्या. एक खोकल्याची, दुसरी गुडघ्यांना चोळायची. दुसरीवर लाल अक्षरांत 'विष' असं छापलेलं. मी बाजारातून परत येतो, तो ओसरीवर अण्णा प्रसन्न मुद्रेनं बसलेले आणि समोर दोन्ही बाटल्या चकचकीत, कोऱ्या.

"कागद सुटायला आले होते," अण्णा म्हणाले. "बघवेना."

बाटल्या एकाच मापाच्या, दोन्ही औषधं तपकिरी. वास घ्यावा, तर दोन्हींना घासलेटाचा. डॉक्टर सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलेले, दवाखान्याला कुलूप. आत माईची उबळ थांबेना. बायकोनं बाटल्या उचलल्या, ठेवल्या, पुन्हा उचलल्या. मी अण्णांवर ओरडणार होतो, पण तोवर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी एक बाटली उघडली आणि घोटभर तोंडात ओतलं.

"अण्णा!"

"गोड आहे. ज्येष्ठमधासारखं. हेच असावं. पण माईंना लगेच देऊ नका, माझ्या जिभेचा भरवसा नाही. तासभर मला बघा. काही झालं नाही, तर द्या."

"मग घरी जाऊन आडवे तरी व्हा," बायको म्हणाली.

"घरी नको हो. तिथं मला काही झालं, तर कळणार कुणाला?"

हे ते इतक्या सहज बोलले, की मला भयंकर वाईट वाटलं. त्यांची बायको वारल्यापासून हा माणूस एकटा राहत होता, आणि आम्ही त्यांच्यापासून बरण्या लपवत होतो.

मग तो तास. अण्णा खुर्चीत ताठ, मी त्यांचं मनगट धरून, बायको दारात. आतून माई खोकत खोकत मधूनमधून विचारी, "अण्णा, आहात ना?"

"आहे, माई!"

मला नाडी सापडत नव्हती. दर वेळी माझंच काळीज धडधडे.

शेवटी माईला औषध दिलं. उबळ बसली, तिचा डोळा लागला. बायकोनं अण्णांना गरम गरम भात वाढला. जेवण झालं, तरी अण्णा पायरीवर घुटमळत राहिले. वहाणा घातल्या, काढल्या, परत घातल्या.

"आता कसली काळजी, अण्णा? धोका टळला."

"टळलाच की," ते खाली बघत म्हणाले. "पण काही विषं म्हणे उशिरा भिनतात. उद्या सकाळी एकदा हाक माराल का? परवाही मारलीत, तरी चालेल."