बंद गाडीचा ड्रायव्हर

लिंबाजीने आयुष्यात चालू गाडी कधी चालवली नाही. बंद पडलेली गाडी मात्र त्याच्यासारखी चालवणारा मी दुसरा पाहिला नाही. माझं घर केदारखेड्याच्या रस्त्याला लागून आहे, त्यामुळे बंद पडलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात.

हा माझा शेजारी. मधे फक्त बोराटीचं कुंपण. अंगाने काडी, मिशी मात्र दोन माणसांची.

"चालू गाडी कुणी बी चालवतं आक्का," तो म्हणायचा. "इंजन मेलं, ब्रेक दगडावानी झाला, स्टेरिंग फिरंना, मंग कळतं कोण ड्रायव्हर हाय."

गाडी ओढून नेताना लोक पुढच्या गाडीकडे बघतात. लिंबाजीचं म्हणणं, खरं काम मागच्या गाडीत. मधला दोर सदा ताणलेला पाहिजे. ढिला पडला की झटका बसतो, आणि झटका बसला की दोर तुटतो, नाहीतर गाडीचं थोबाड निघून येतं. "बिलकुल झटका न्हाई," हे तो चहाची बशी हातात देतानाही म्हणायचा.

म्हणून ओढायच्या गाडीत तो मालकाला बसू देत नसे. एकदा नवरदेवाची गाडी अडकली. नवरदेव फेटा सांभाळत आतच बसून राहिला. लिंबाजी म्हणाला, "नवरदेव असशील तुह्या घरी. उतर." तो बिचारा मग चंद्रीवर बसून, घंटा वाजवत मांडवात पोचला.

चंद्री म्हणजे पुढची गाडी. विहीर खोदताना दगड-मुरूम वर ओढायला यारी लावतात. तसली एक जुनी यारी लिंबाजीने विकत घेतली आणि एका जुन्या जीपवर वेल्डिंग करून बसवली. वर टप नाही, दरवाजे नाहीत, मागे उंटासारखी लोखंडी मान. ही यारी घ्यायला त्याने बायकोची म्हैस विकली, तिला न विचारता. म्हैस त्या बायकोच्या, गयाबाईच्या, माहेरची. म्हशीचं नाव चंद्री, तेच गाडीला पडलं.

गयाबाई रडली नाही की भांडली नाही. म्हशीच्या गळ्यातली घंटा तिने यारीच्या मानेला बांधली, जीपवर चढली आणि स्टेरिंग धरून बसली. माहेरी भावाचा ट्रॅक्टर तिने चालवलेला होता. मला म्हणाली, "आक्का, त्याला सांगा. म्हैस माही व्हती, तव्हा हे बी माहंच हाय. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार न्हाई."

लिंबाजी तिच्यापासून दोनच हात लांब उभा होता. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. बारा वर्षं. जेवायला बोलवायचं असलं की शेळीकडे तोंड करून म्हणायची, "भाकर थंडी होऊन राह्यली." शेळी उठायची नाही. लिंबाजी उठायचा.

पण रस्त्यावर तर एकमेकांना सांगावंच लागतं. त्यासाठी सुतळी होती. एक टोक गयाबाईच्या उजव्या मनगटाला, बांगड्यांच्या वर. दुसरं टोक मागच्या गाडीत लिंबाजीकडे. एक ओढ म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे चल. बोलायचा तोच. तिच्या बाजूने सुतळी कधी हलली नाही. कोणीतरी त्याला म्हणालं, फोनवर बोलत जा की. "माहा फोन ती उचलंल का?" लिंबाजीने विचारलं.

आता डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एका मास्तरांची गाडी मागे घेताना शेततळ्यात गेली. मास्तर पोहून वर आले, गाडी खाली राहिली. तळ्याचा मालक काठावर नाचत होता, "पिलास्टिक फाटलं तर पाणी जाईल, माही मोसंबी मरंल!" जेसीबीवाला म्हणाला, दात लावतो आणि काढतो. ते ऐकून मालक मटकन खालीच बसला.

लिंबाजी गुपचूप पाण्यात उतरला. बुड्या मारून गाडीच्या पोटाखाली ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा बांधल्या आणि काठावरच्या पंपाने त्यांत हवा भरली. डुंबलेली म्हैस उठावी तशी गाडी हळूच वर आली. काठाच्या प्लास्टिकवर त्याने ओली पोती अंथरली, पोत्यांवर साबणाचं पाणी ओतलं. मग यारीचा दोर गाडीला अडकवून खिडकीतून आत शिरला आणि छातीभर पाण्यात स्टेरिंग धरून बसला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून सुतळी दातांत. तीनदा मान मागे घेतली.

सुतळी तीनदा ओढली गेली. गयाबाईने यारी सुरू केली, मानेची घंटा वाजली. तारेचा दोर वीत वीत गुंडाळत गेला, गाडी पोत्यांवरून सरकत काठावर आली. प्लास्टिकला ओरखडा नाही. मी कोणाला उगाच हात जोडत नाही. त्या दिवशी जोडले गेले.

लिंबाजीने उतरल्या उतरल्या गयाबाईकडे बघितलं. ती दुसरीकडे, शेळीकडे बघावं तशी बघत होती. शेळी तर घरी होती.

यंदा संक्रांतीनंतर गयाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लिंबाजीने गाड्या ओढायच्या कामाचे फोन घेणं बंद केलं. चंद्री चालवायला दोघं-तिघं येऊन गेले. "तिनं सांगेल हाय, दुसऱ्याचा हात न्हाई लागू द्यायचा," म्हणून त्याने सगळ्यांना परत पाठवलं.

एका सकाळी मी गयाबाईला तेल लावायला गेले. तिच्या उजव्या मनगटाला सुतळी बांधलेली, खिडकीतून बाहेर गेलेली. अंगणात कोणाची तरी बंद गाडी पडून होती. तिच्यात लिंबाजी स्टेरिंगवर बसून सुतळी ओढत होता, थांबत होता, परत ओढत होता. तिचा मेलेला हात उशीवर जरासा हलायचा आणि पडायचा.

मी बाहेर गेले. "हे काय करून राह्यला रे?"

"बारा वर्षं वाट पाह्यली आक्का, आज बोलंल, उद्या बोलंल. आता तिच्या मनात आलं तरी बोलता येईना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माफी मागून राह्यलो. म्हशीची. चार ओढी. नवी खूण काढली. पोचती का न्हाई, कळंना."

"आरं गाढवा, तो हात गेलेला हाय! ड्रायव्हर म्हणवतो आन् दोर कुठं बांधावा कळंना तुला?"

"खुणेचा हात तोच व्हता," तो म्हणाला.

मी आत येऊन सुतळी सोडली आणि तिच्या डाव्या मनगटाला बांधली. म्हणाले, "गयाबाई, चार ओढी आल्या तर म्हशीपायी चुकलो असं म्हणून राह्यला तो."

ती आढ्याकडे बघत राहिली. चार ओढी आल्या. ती हलली नाही. परत चार आल्या. मग तिने सुतळी मुठीत धरली, हाताला एक वेढा दिला आणि सगळा जोर लावून ओढली.

बाहेर हॉर्न वाजला. जाऊन बघते तर लिंबाजी स्टेरिंगवर आडवा.

"झटका दिला आक्का," तो म्हणाला. सुतळी त्याने हातातून सोडली नव्हती.

"लागलं का?"

"बिलकुल न्हाई."

मी घरी आले. ओट्यावरून मला ती सुतळी दिसत होती. इकडून हलायची, थांबायची, मग तिकडून हलायची. जेवणाची वेळ टळली तरी चाललंच होतं. म्हशीचंच चाललेलं असणार.